हरकत नाही

गेली बावीस वर्षं मी नगरला एका वकीलसाहेबांकडे टायपिंग करते. टायपिंग म्हणजे नुसतं बोटांचं काम, असं लोकांना वाटतं. साहेब 'ती पाईपलाईनवाली नोटीस करून टाका' म्हणतात आणि कोट चढवून कोर्टात निघून जातात. मजकूर सगळा माझा असतो. 'तमाम लोकांना या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, खालील मिळकतीबाबत कोणाचा काही हक्क, हितसंबंध अथवा हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे.' हे वाक्य माझ्या बोटांना पाठ आहे. डोळे मिटून टाईप करीन, एक काना इकडचा तिकडे होणार नाही.

त्यातून मला शब्दांची खोड. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील भिंगारला कॅन्टोन्मेंटात माळी होते, साहेब लोकांच्या बागांना पाणी घालायचे, त्यांना सही करताना घाम फुटायचा. त्यामुळे असेल, शब्द कळतात याचा मला जरा माज आहे, हे कबूल करते. तमाम, जाहीर, हक्क, हरकत हे सगळे मूळचे अरबी, हे मी प्रत्येक नव्या ज्युनियर वकिलाला ऐकवते. वकील अरबी, अर्ज अरबी, वारस अरबी, आपला तालुका अरबी, जिल्हासुद्धा अरबी. एकदा एक पक्षकार मला मराठी शुद्ध कशी राखली पाहिजे यावर भाषण देत बसला होता. मी म्हटलं, वकील, अर्ज, जामीन, हक्क, दावा यांतला एकही शब्द न वापरता तुमची केस सांगा बघू. त्याला दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत. मला त्याचा फार आनंद झाला होता.

मी अजून भिंगारलाच राहते, एकटी. आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या खोलीत गेल्या वर्षी एक फौजी जोडपं भाड्यानं आलं. त्यांचं क्वार्टर मिळायचं होतं, तेवढ्यात नवऱ्याची बदली तिकडे वर सरहद्दीला झाली आणि बायकोला सहावा महिना लागलेला. तिचं गाव लखनौच्याही पलीकडे. डॉक्टरांनी इतका लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. सासू नवव्या महिन्यात येणार होती. निघायच्या दिवशी तो माझ्या दारात ट्रंक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दीदी, इसे आपके भरोसे छोड़कर जा रहा हूँ." मी म्हटलं, बिनधास्त जा.

ती असेल तेवीस-चोवीस वर्षांची. मराठी तिला 'पाणी' आणि 'नाही' एवढंच येत होतं. माझं हिंदी म्हणजे नगरच्या बाजारातलं, मराठीला वरून 'है' लावलेलं. पण तिचे वडील तिकडे शाळेत उर्दू शिकवायचे, हे कळलं आणि मला घबाड सापडल्यासारखं झालं. ऑफिसातून आले की मी खाली जायचे. ती पायरीवर बसून भाजी निवडायची आणि मी तिला शब्द विचारायचे.

एकदा ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "इसको मैं ख़ूब तालीम दूँगी." मी म्हटलं, मुलगी झाली तर? तालमीत घालणार? लाल मातीत? ती बघतच राहिली. तिची तालीम म्हणजे शिक्षण. अरबी शब्द तोच, आपण तो उचलून आखाड्यात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांचं कौतुक केलं, ते मोठे फ़ाज़िल आदमी आहेत म्हणाली. मला हसू आवरेना. आमच्याकडे फाजील म्हणजे आगाऊ, नको तेवढं. तिच्याकडे फ़ाज़िल म्हणजे विद्वान. राजीनाम्यावर तर आमची जुंपलीच होती. तिचं म्हणणं, दोघांचं भांडण मिटलं की राज़ीनामा लिहितात. माझं म्हणणं, नोकरी सोडली की राजीनामा देतात. गरोदरपणाला ती 'हमल' म्हणाली तेव्हा मीच तिला सांगितलं, की आमचा स्टेशनावरचा हमाल तुझ्या या हमलचा सख्खा भाऊ, दोघंही ओझं वाहतात. ती इतकी हसली की भाजीची परडी कलंडली.

हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवत होते. डाव्या बाजूला शब्द, मधे तिचा अर्थ, उजवीकडे आपला. साठ-सत्तर शब्द झाले होते. हरकत त्या वहीत नव्हती. हरकत मला येत होती, ती कशाला विचारायची?

त्या दिवशी मला तिसगावला जायचं होतं. एका शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या बांधावरून पाईपलाईन न्यायची होती आणि शेजारी म्हातारा आजारी, त्याला नगरला आणणं शक्य नव्हतं. साहेब म्हणाले, तुम्हीच जाऊन त्याचं ना-हरकत पत्र घेऊन या. नऊची एसटी गाठायची होती. साडेआठला मी कागदांची पिशवी घेऊन जिना उतरत होते. ती खाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आठवा महिना सरत आलेला. चेहरा ओढलेला दिसला. पण उकाडाच तसा होता, माझाही चेहरा ओढलेलाच असेल.

मी उतरता उतरताच म्हटलं, "मैं तिसगाव जाके आती. दोपहर को वापस. चलेगा ना?"

ती म्हणाली, "दीदी, वो... सुबह से हरकत नहीं है."

"हरकत नहीं ना? मग झालं तर! बहुत अच्छा. आराम करो तुम."

"अच्छा है, दीदी?"

"हाँ हाँ, अच्छा है. खाना खाके सो जाओ."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा कमी झाला. हे मी नीट पाहिलं होतं. ती बारीकशी हसलीसुद्धा. मग दार लोटून आत गेली.

कोपऱ्यावर येईपर्यंत मला एवढं जाणवलं होतं, की तिचं वाक्य थोडं विचित्र होतं. माझ्या जाण्याला तिची हरकत नाही, ठीक. पण 'सुबह से' कशाला? सकाळपासून हरकत नाही, म्हणजे काल होती की काय? पण तिची बोलण्याची तऱ्हाच तशी वळणावळणाची आहे, असं मी स्वतःला सांगितलं. एसटी समोरच उभी होती. मी चढले आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश झाले.

तिसगावला पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. म्हाताऱ्याचं घर बाजारतळाच्या मागे. ओसरीवर खाट टाकलेली आणि त्यावर तो भिंतीला उशी लावून बसवलेला. म्हातारीनं पाणी दिलं, चहा टाकला. घर मुसलमानांचं. दोघं आपसात त्यांचं दख्खनी बोलत, माझ्याशी मराठी. मी कागद वाचून दाखवला. म्हातारा जडशा जिभेनं "व्हय, व्हय" म्हणाला. पाईपलाईनला त्याची ना नव्हती. मी सहीची जागा दाखवली आणि पेन पुढं केलं.

म्हातारी म्हणाली, "बाई, उनके सीधे हात में हरकत नै अब."

मी चेष्टेनं म्हटलं, "हरकत नाही तर मग अडलंय कुठं? तेच तर लिहून पाहिजे मला."

म्हातारीनं माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "आवो, हात हलतच न्हाई त्यांचा. लकवा मारला ना! हरकतच न्हाई ऱ्हायली त्यात. डाव्या हाताचा आंगठा घ्या."

"घेते की," मी म्हटलं आणि पिशवीतून शाईचं पॅड काढलं. त्याचा डावा अंगठा धरला, पॅडवर टेकवला, कागदावर दाबला. ठसा चांगला उठला. उजवा हात गोधडीवर पडला होता, तळवा वर करून. एक माशी त्याच्या बोटावर येऊन बसली आणि बसूनच राहिली. म्हातारा तिच्याकडे बघत होता. बोट हललं नाही.

सुबह से हरकत नहीं है.

मी पॅड खाटेवर टाकलं. म्हातारी काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मी फोन काढला. नंबर लावताना माझं बोट दोनदा चुकलं, रोज हजारो अक्षरं उठवणारं बोट. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला. परत. चार वेळा लावला. 'खाना खाके सो जाओ' असं मीच सांगून आले होते.

मग समोरच्या मावशींना लावला. त्या माझ्या मजल्यावर राहतात, सकाळी विहाराची झाडलोट करतात, दुपारी घरीच असतात.

"मावशी, खाली जा. पळत जा."

"आता कुठं पळू? भाकरी टाकलीय तव्यावर."

"गॅस बंद कर. खालच्या पोरीकडं जा आणि पोटातलं बाळ हलतंय का बघ."

"आगं, पर मला तिचं हिंदी कुठं कळतंय? काय इचारू?"

"विचारूच नको काही. बोलूच नको. पोटाला हात लाव फक्त. आणि फोन बंद करू नको."

मी ओसरीवर उभी राहून कानाला फोन दाबून धरला होता. गॅसचं बटण बंद झाल्याचं ऐकू आलं. मग चपला. मावशींचे गुडघे दुखतात, त्या एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरतात. चौदा पायऱ्या आहेत. मी मोजत होते. मग दारावर थापा. परत थापा. मावशी म्हणाल्या, "उघडंना गं." मी फोनमध्ये ओरडले, "जोरात मार!" म्हातारी डोक्यावरचा पदर सावरत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिला काही कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं. तिनं माझा दंड धरला.

कडी निघाली. झोपेतला आवाज आला.

"उसको फोन दो, मावशी, तिला दे!"

"दीदी? आप आ गईं?"

"बच्चा हिल रहा है क्या? पोटात, पेट में, हिल रहा है?"

"नहीं दीदी. सुबह से नहीं. बताया तो था आपको." ती जांभई देत बोलत होती. "आपने कहा, अच्छा है. मैंने सोचा, अब आख़िर के महीने में ऐसा ही होता होगा."

इतका वेळ मला वाटत होतं, की मी फक्त चुकीचं ऐकलं. नुसतं चुकीचं ऐकलं असतं तर ती घाबरून तासाभरात आणखी कुणाला तरी म्हणाली असती, स्वतः रिक्षा करून गेली असती, नवऱ्याला, आईला फोन लावला असता. मी तिला उत्तर दिलं होतं. मोठ्या बहिणीच्या अधिकारानं, पिशवी काखेत मारून, बाळ हलत नाही हे बहुत अच्छा आहे असं मी तिला सांगितलं होतं आणि तिनं ते मानलं होतं. ती साडेतीन तास निश्चिंत झोपली होती, माझ्या शब्दावर.

मावशी परत फोनवर आल्या. आवाज बदललेला. "हात लावून बसले हुते गं. काईच लागत न्हाई."

"रिक्षा बोलाव. आहे तशी घेऊन दवाखान्यात जा. कपडे, पिशवी, काही घेऊ नको. आत्ता."

तिसगावहून नगरची एसटी यायला अजून पाऊण तास होता. काळीपिवळी जीप भरायची वाट बघत उभी होती. तिच्या ड्रायव्हरशी मी इतकी भांडले की लोक जमा झाले. त्या लोकांमधूनच एक कांद्याचा टेम्पोवाला म्हणाला, "मी नगरलाच चाललोय, चला." मी चढले. "कोन हाय दवाखान्यात?" त्यानं विचारलं. "पोरगी हाय," मी म्हटलं. ती माझी कुणी नव्हती, पण दुसरं काय सांगणार? त्यानं मग गाडी हाणली.

करंजीच्या घाटात फोनची रेंज गेली. तोवर मावशींचा एकच फोन आला होता, रिक्षात बसलो म्हणून. मी फोन हातात धरून बसले. कामाचे शब्द डोक्यात येत होते आणि ते मला नको होते. सातबाऱ्याच्या कामात आम्ही रोज दोन शब्द लिहितो, अमुक हयात, अमुक मयत. दोन्ही अरबी. मीच ज्युनियरांना सांगते, बघा, जगणंही त्यांच्याकडून घेतलं आणि मरणंही, आणि वर हसते. गाणं शिकणाऱ्या मुली म्हणतात, तिनं काय सुंदर हरकत घेतली. गळा हलतो, सूर जागचा हलतो, म्हणून ती हरकत. तो अर्थ माझ्याच मराठीत होता. हिंदी सिनेमातला खलनायक ज्या हरकती करतो, त्याही मला ठाऊक होत्या. मूळ शब्द नुसता हलण्याचा, हे कळायला फार मोठी विद्या लागत नव्हती. बावीस वर्षं मी तो दिवसातून दहादा टाईप केला आणि त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. घाट संपेपर्यंत मी स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. त्यानं टेम्पो काही लवकर पोचला नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. मावशी बाहेर बाकावर पदर तोंडात धरून बसल्या होत्या. मला बघून उठल्या. "डागतर म्हनत्यात, ठोके हायेत पर मंद व्हायलेत. पोट फाडायचंय लगीच. आन् ही बया सही करंना! सगळी समजावून थकली. नुसती रडतीय."

मी आत घुसले. ती कडेच्या खाटेवर बसली होती, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, पोटाला पट्टा बांधलेला. शेजारच्या यंत्रातून ठोक्यांचा आवाज येत होता, आणि मधेच तो सैल पडल्यासारखा हळू व्हायचा. नर्स फॉर्म घेऊन उभी होती, वैतागलेली. "तुम्ही सांगा हिला. मघापासून सांगतेय, सब लोग लिखते हैं, हरकत नाही, हरकत नाही. मी म्हणते तसतशी ही जास्तच रडते."

तिनं मला पाहिलं आणि माझा हात ओढून फॉर्मवर ठेवला. "दीदी, मैंने पढ़ लिया है. ये झूठ बोल रहे हैं मुझसे. ये देखिए, लिख दिया है इन्होंने."

फॉर्म मराठी होता, पण अक्षरं तिला येत होती. तिचं बोट एका ओळीखाली होतं. 'सदर शस्त्रक्रियेस माझी कोणतीही हरकत नाही.' ती एकेक अक्षर लावून वाचत गेली. "को-ण-ती-ही... हरकत... नाही. नाही मतलब नहीं ना, दीदी? कोई हरकत नहीं. मर गया लिख दिया है और मुझसे दस्तख़त माँग रहे हैं. फिर पेट क्यों काटना है मेरा?"

नर्सला काही कळत नव्हतं. डॉक्टर दारातून ओरडल्या, "झाली का सही? दोन-दोन मिनिटं महत्त्वाची आहेत इथं!" त्या इमारतीत तेव्हा एकच माणूस असं होतं, ज्याला ती का रडते ते कळत होतं. आणि ते कसं कळलं, याची मला लाज वाटत होती.

मी तिचे दोन्ही खांदे धरले. "सुन. ये मराठी है. मराठी में हरकत मतलब हिलना नहीं. मराठी में हरकत मतलब एतराज़. एतराज़, समझी? तुझको ऑपरेशन का एतराज़ नहीं, इतनाच लिखा है. तू राज़ी है, बस. बच्चे का कुछ नहीं लिखा. बच्चा ज़िंदा है. ये आवाज़ सुन, उसीका है."

तिनं यंत्राकडे पाहिलं. मग कागदाकडे. "एतराज़?"

"एतराज़. कर सही."

तिनं पेन घेतलं. नावाची पहिली दोन अक्षरं काढली आणि पेन थांबलं. तिनं मान वर केली. मला ती नजर आयुष्यभर पुरेल. डोळे रडून सुजलेले होते, पण आता त्यांत रडणं नव्हतं.

"तो सुबह..." ती म्हणाली.

खोटं बोलायला जागा होती. नर्स घाई करत होती, डॉक्टर ओरडत होत्या, मी 'नंतर बोलू' म्हणू शकले असते.

"हाँ," मी म्हटलं. "सुबह मैंने मराठी सुना."

तिनं सही पुरी केली. नर्सनं कागद ओढून घेतला आणि दोघी-तिघींनी मिळून तिची खाट ढकलत नेली. दारापाशी डॉक्टरांनी मला थांबवलं. "घरच्या तुम्ही? हालचाल कधीपासून बंद आहे?"

"पहाटेपासून असेल. साडेआठला तिनं मला सांगितलं."

"साडेआठला? आणि आणायला एक वाजवलात?"

"मला कळलं नाही," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मावशी पुटपुटत त्रिशरण म्हणत होत्या. मी दाराखालच्या फटीतून दिसणारे पाय बघत होते. ते भराभर इकडून तिकडे जात, मग सगळे एका जागी थांबत. बराच वेळ ते एका जागी थांबले. बाळ बाहेर आलं की रडतं, एवढं मला ठाऊक होतं. आतून फक्त बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला काहीतरी लवकर मागत होतं. मावशींनी माझा हात धरला आणि तो इतका दाबला की बांगडी रुतली. मी वाट बघत होते. रडणं आलं नाही. मग एक आवाज आला, रडण्यासारखाही नाही, मांजराचं पिल्लू कुठंतरी अडकावं तसा, आणि बंद झाला. मग परत आला.

मुलगी होती. नाळेचा वेढा दोनदा मानेभोवती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर संध्याकाळी बाहेर येऊन नीट बोलल्या. जगेल, म्हणाल्या. पण बराच वेळ तिला पुरेसं मिळालं नाही. मान केव्हा धरते, आवाजाकडे बघते का, हातपाय सारखे हलवते का, हे महिन्या-महिन्यानं बघत जाऊ. आत्ता कुणीच काही सांगू शकत नाही. मी विचारलं, सकाळी नऊला आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, ते आता विचारून काय उपयोग?

पहिले पाच दिवस मी रोज डबा घेऊन गेले. ती डबा घ्यायची, 'शुक्रिया दीदी' म्हणायची. शब्द तेच, आवाजही तोच. त्या सकाळबद्दल ती एक अक्षर बोलली नाही आणि मलाही तोंड उघडवेना. मी, जी कुणाचं काही चुकलं की तिथल्या तिथं सुनावते. सहाव्या दिवशी तिची सासू आणि नवरा दोघंही पोचले. मग डबा नेण्याचं कारण उरलं नाही.

बाळाला घरी आणलं त्या दिवशी तो मला बोलवायला वर आला. मी खाली गेले. सासू अंघोळीला गेली होती. ती गादीवर बसली होती, मुलगी तिच्या कुशीत. त्यानं मुलीला हलकेच उचललं आणि स्वतःच्या हातानं माझ्या मांडीवर ठेवलं. मग वाकून माझ्या पायांना हात लावला. मला पाय मागे घेता आले नाहीत, मांडीवर मूल होतं.

"नर्स ने सब बताया, दीदी. ये तो दस्तख़त ही नहीं कर रही थी. आप टाइम पर न पहुँचतीं तो..." धिप्पाड माणूस, डोळे पुसत होता. "मैं वहाँ सबको कहता था, घर की फ़िक्र नहीं है, दीदी हैं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती चादरीच्या कोपऱ्याची घडी घालत होती. मला वाटलं, आता बोलेल. मला वाटलं, बोलावं तिनं. तिनं तेव्हा ओरडून शिव्या दिल्या असत्या, दारातून हाकललं असतं, तर मला खरोखर बरं वाटलं असतं. तो चहा ठेवायला आत गेला. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

"मैंने इनको नहीं बताया," ती हळू आवाजात म्हणाली.

"मैं बता दूँ?"

"नहीं."

मुलगी माझ्या मांडीवर जागी होती. तिच्या डाव्या हाताच्या मुठीत माझं बोट होतं. उजवा हात नुसता बाजूला पडला होता. मी त्याला हात लावून पाहणार होते, तो हलतो का. तिच्या आईला ते कळलं असावं.

"लाइए, दीदी," तिनं दोन्ही हात पुढं केले.

मी मुलीच्या मुठीतून माझं बोट सोडवलं आणि तिला तिच्या आईकडे दिलं.